फळ्यांची मागची बाजू

आमचे शेजारी पेंटरकाका यांनी उभा जन्म दुकानांच्या पाट्या रंगवण्यात घालवला. अक्षर असं, की मी वर्गातल्या मुलांना त्यांच्या पाट्या बघून यायला सांगत असे. अगदी ‘आत येण्यास मनाई’सुद्धा त्यांच्या हातची इतकी देखणी, की माणूस ती वाचायला थांबे आणि मग न विचारता आत जाई.

संध्याकाळी मागच्या खोलीत त्यांचं स्वतःचं काम चाले. उरलेल्या प्लायवुडच्या फळीवर ते आधी पेन्सिलीनं कविता लिहीत, मग फळी उलटी करून पुढच्या बाजूला चित्र काढत. चित्रात घर, झाड, माणूस असं ओळखीचं काही नसे. “याच्या चित्राला नाक नाही आणि कवितेला यमक नाही,” असं काकांचे थोरले भाऊ म्हणत. काका हसत. कवितेची नक्कल मात्र त्यांनी कधी ठेवली नाही. म्हणत, “चित्राची कुठे ठेवतो?”

अडुसष्टाव्या वर्षी त्यांचं पहिलं प्रदर्शन ठरलं, ग्रंथालयाच्या हॉलमध्ये. अठरा फळ्या छताला टांगायच्या, म्हणजे लोक फिरून दोन्ही बाजू बघतील. कड्या बसवायला फळ्या सुतारमिस्त्रींकडे गेल्या. मिस्त्री जुने मित्र. फळ्या वाकलेल्या दिसल्या, म्हणून त्यांनी आपणहून प्रत्येकीच्या मागे नवं प्लायवुड चिकटवून दिलं.

“आता शंभर वर्षं वाकत नाहीत,” काकांच्या घरी आम्ही फळ्या उतरवून घेताना ते म्हणाले.

काकांनी एक फळी उलटी केली. मग दुसरी. मग ते खुर्चीत बसले.

“मिस्त्री, मागे लिहिलं होतं ना.”

“होतं की. मापं होती ना ती? पाटीच्या फळीवर तुम्ही नेहमीच मापं लिहिता.”

मिस्त्रींच्या हळूहळू लक्षात आलं. “सोलून काढू का?” असं त्यांनी विचारलं खरं, पण उत्तर त्यांनाच ठाऊक होतं: सरसाबरोबर लाकडाचा पापुद्रा निघणार आणि पेन्सिलही. प्रदर्शन परवावर आलं होतं.

“ग्रंथालयात नको म्हणून सांगून येतो,” काका उठत म्हणाले. “अर्ध्या कामाचं काय दाखवायचं?”

काकू पलीकडे त्यांच्या प्रदर्शनाच्या शर्टाला बटण लावत होत्या. त्यांनी दोरा दातांनी तोडला.

“गुरुजी, कागद आहे का तुमच्याजवळ?” त्या मला म्हणाल्या. “लिहून घ्या. निळ्या फळीची आधी.”

आणि सांगू लागल्या:

“दुपार लोखंडी शटरासारखी
अर्ध्यावर अडकली आहे.
वाकून आत जाणारा प्रत्येक जण
थोडा लहान होतो.”

काका उभेच राहिले. “तुला कसं येतं हे?”

“अहो, रंग ओला, धूळ बसायला नको, म्हणून चित्राचं तोंड भिंतीकडे कोण करायचं? चाळीस वर्षं रोज झाडू मारताना माझ्यासमोर पाठच होती. चित्रं मला तुमची फारशी माहीत नाहीत.”

“पुढे अजून एक ओळ होती.”

“होती. बरी नव्हती. ती मी सोडली.”

“कोणती?”

“आठवत नाही ना? मग बरी नव्हतीच.”

मिस्त्री हसले. मग काकाही, आधी ओठांतल्या ओठांत आणि नंतर चांगलेच.

अंधार पडायच्या आत सतरा कविता झाल्या. तीन ठिकाणी नवरा-बायकोचं जुंपलं. दोनदा काकू जिंकल्या. अठरावी फळी स्वयंपाकघरात टांगलेली असे, चित्र बाहेर, पाठ भिंतीला. तिच्यावर काय लिहिलं होतं ते काकूंना माहीत नव्हतं, आणि काकांना आठवत नव्हतं.

“तिच्याखाली नुसता कोरा कागद लावा,” काकू म्हणाल्या. “लोकांना सांगू, लिहितायत.”

प्रदर्शनात तसंच केलं. प्रत्येक फळीखाली माझ्या अक्षरातली कविता होती, अठराव्या फळीखाली कोरा कागद. थोरले भाऊ त्याच्यापुढे बराच वेळ उभे होते. “ही मला कळली,” म्हणाले.

प्रदर्शनाच्या चौथ्या दिवशी सकाळी काका पेन्सिल घेऊन लवकर ग्रंथालयाकडे निघाले. काकू मागून म्हणाल्या, “आणि हो, या वेळी एक प्रत घरी ठेवा.”

“कशाला?” काका दारातून म्हणाले. “तू ये ना वाचायला.”

काकूंनी चपला घातल्या.