उन्हाळ्यातल्या जिममधला नमस्कार

ट्रंक उघडली की आधी डांबरगोळ्यांचा वास येतो आणि मग तो स्वेटर हाताला लागतो. निळा, छातीवर कॉलेजचं नाव, कोपरांशी विरलेला. परवा रेशमी साड्यांची घडी मोडायला बसले तेव्हा तो वर आला आणि मी तशीच जमिनीवर बसून राहिले. ह्यांचं पीएच.डी. चाललं होतं तेव्हा आम्ही परदेशात नव्याने आलेले, विद्यापीठाच्या दोन खोल्यांत राहायचो. हे दिवसभर प्रयोगशाळेत. मला ना गाडी चालवता येई, ना धड इंग्रजी बोलता. शेजारणीने एकदा जास्तीचं तिकीट दिलं म्हणून मी साडीवर हा स्वेटर चढवून कॉलेजची बास्केटबॉल मॅच बघायला गेले. सगळं गाव तिथे लोटलं होतं. दुकानदार, प्राध्यापक, काठी टेकत आलेल्या आज्या, सगळ्यांचा एकच गलका. आपल्या संघाने बास्केट केली तशी शेजारची अनोळखी बाई माझा हात धरून नाचायला लागली. या देशात परक्या माणसाने माझा हात धरला तो त्या दिवशी पहिल्यांदा. तेव्हापासून मी त्या संघाची झाले ती झालेच.

पुढे ह्यांना नोकरी लागली, दुसऱ्या गावी घर झालं, मुलगा झाला, पण दर हिवाळ्यात चिवड्याचा डबा घेऊन दीड तास गाडी हाकत आम्ही मॅचला जायचोच. संघाचे कोच म्हणजे माझ्या लेखी गुरुजी. इतकी वर्षं मी त्यांना अगदी वरच्या बाकावरून बघितलं होतं, तिथून ते नखाएवढे दिसत. आपला मुलगा कधीतरी त्यांच्या हाताखाली खेळेल, असं मी मनात धरून बसले होते. बोलले कुणाजवळ नाही, पण धरून बसले होते हे खरं.

ऐंशीचं दशक निम्मं सरलं तेव्हा मुलगा चौदा वर्षांचा होता आणि शाळेबाहेरच्या, उन्हाळ्यात सामने भरवणाऱ्या एका हौशी लीगमध्ये खेळायला लागला होता. त्या जानेवारीत मी डबा भरत असताना तो म्हणाला, "आई, यू गाइज गो. मला प्रॅक्टिस आहे."

"अरे, कॉलेजची मॅच आहे."

"कॉलेज डझन्ट मॅटर, आई. कोणाला घ्यायचं ते सगळं समर लीगमध्येच ठरतं. कॉलेजात नुसतं दाखवायला खेळतात."

कुणी देवघरातला देव उचलून माळ्यावर ठेवावा, तसं मला झालं. हे म्हणाले, "लहान आहे गं, सोडून दे." मी कसली सोडतेय? आठवडाभर त्याच्याशी धड बोलले नाही. आहेच मी तशी.

उन्हाळ्यात मात्र मुद्दाम बघायला गेले, असं काय सोनं लागलंय त्या लीगला म्हणून. एका शाळेची जिम, पंखे नाहीत, बँड नाही, बाकांवर जेमतेम तीस आईबाप. आणि भिंतीलगत घडीच्या खुर्च्यांवर वह्या मांडीवर घेऊन बसलेली मोठी माणसं. पुढच्या संघासाठी पोरं हेरायला आलेले कुठल्या कुठल्या कॉलेजांचे कोच ते, मुलानेच सांगितलं. ओळीतले तिसरे आमचे. ज्यांच्यासाठी अख्खं गाव उभं राहायचं ते घामाघूम होऊन मिसरूडही न फुटलेल्या पोरांची नावं लिहून घेत होते, कुणाच्या तरी आजोबांना बसायला खुर्ची उघडून देत होते. म्हणजे पोरगा बोलला ते खरंच होतं तर. देवच पायी चालत भक्तांच्या दारी आला होता, आणि मला त्याचा आनंद मानावा की रडावं ते कळेना.

मॅच संपली. मुलगा बरा खेळला होता, नेहमीसारखा. तो माझ्याशेजारी येऊन पाणी पीत होता आणि तेवढ्यात कोच उठले, सरळ आमच्याकडे चालत आले. मी पटकन उठून उभी राहिले. आमच्या घरी परीक्षेला जाताना, कुणी मोठं माणूस आलं की वाकून नमस्कार करायचा, आणि दरवेळी चिरंजीवांची कुरकुर: आई, प्लीज, कोणी बघेल. त्या क्षणी मला दुसरं काही सुचलंच नाही. मी हळूच म्हटलं, "वाक, नमस्कार कर."

तो वाकला. कोच दोन पावलांवर असतानाच त्याचा हात खाली स्वतःच्या बुटांपर्यंत गेला. कोचना वाटलं असावं, पोरगा नाडी बांधतोय. ते त्याला वळसा घालून माझ्यापुढे आले आणि अदबीने म्हणाले, "तो बारा नंबरचा उंच मुलगा, त्याची आई कुठे बसली आहे, सांगाल का?"

मी बोट दाखवलं. ते आभार मानून गेले. मुलगा अजून वाकलेलाच होता. मग त्याने खरोखरच नाडी सोडून पुन्हा बांधली.

परतताना गाडी मी चालवत होते. शेवटी माझ्याने राहवेना. "इतका मुकाट्याने वाकलास कसा रे?"

"यू टोल्ड मी टू."

"मी तर रोजच सांगते. कधी ऐकलंयस?"

तो खिडकीबाहेर बघत होता. दोन सिग्नल गेले. मग म्हणाला, आणि मराठीत म्हणाला, "मला वाटलं, ते माझ्यासाठीच येतायत."

बारा नंबरचा मुलगा पुढे त्या कॉलेजकडून खेळला, छान खेळला. आम्ही वरच्या बाकावर चिवडा खात त्याला बघितलं, मुलगाही आला होता. कॉलेजच्या खेळात आता काय राहिलंय, असं आजकाल पुष्कळजण म्हणतात, तोही म्हणतो. मी वाद घालत नाही. स्वेटर नव्या डांबरगोळ्या घालून पुन्हा तळाशी ठेवते.