भाटव्यांची जोड

आमच्या भाटव्यांना देवाने सायकलवर बसवूनच खाली पाठवलं असावं, आणि निघताना कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना सारख्या वजनाचं काहीतरी बांधून दिलं असावं, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. भाटवे म्हणजे बहिणीचा नवरा. माझी ताई आंजीला दिली आहे. भाटवे रोज तिथून सायकलने वर्ध्याच्या एका जिनिंगमध्ये जातात आणि कापसाच्या काट्यावर बसतात. दिवसभर वजनं बघून बघून त्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली आहे: सायकलच्या एका बाजूला काही लावलं की दुसऱ्या बाजूला तेवढंच वजन हवंच. या दुसऱ्या वजनाला ते ‘जोड’ म्हणतात. सामान मधोमध कॅरिअरवर बांधणारा त्यांच्या लेखी अडाणी, आणि हँडलला थैली अडकवणाऱ्याशी तर ते बोलतही नाहीत.

लग्नानंतर ते पहिल्यांदा आमच्या घरी नालवाडीला आले, तेव्हा सायकलच्या डाव्या बाजूला एक भलंमोठं कोहळं होतं. आईने ते कौतुकाने उतरवून घेतलं. मग उजव्या बाजूची पोत्याची चुंगडी सोडली, तर आत दगड. चांगला धुतलेला, पुसलेला दगड. नव्या जावयाला असं कसं विचारायचं, म्हणून आईने मला पुढे ढकललं.

“जोड हाय ते,” भाटवे म्हणाले. “कोहळं काई एकटं येत असते का?”

आईने मुकाट्याने तो दगड कोहळ्याशेजारी ठेवला, आणि ते निघाले तेव्हा एका थैलीत तुरीची डाळ आणि दुसऱ्या थैलीत तेवढेच तांदूळ भरून दिले. तेव्हापासून त्यांना एकच वस्तू देण्याची आमच्या घरी सोय उरली नाही.

या जोडीपायी त्यांच्या हातून बरीच पुण्यकर्मंही घडली आहेत. एकदा भर उन्हाळ्यात ते डावीकडे वांगी आणि उजवीकडे जोड म्हणून पाण्याची कॅन लावून चालले होते. रस्त्यात बाभळीखाली बसलेल्या म्हाताऱ्याने पाणी मागितलं. भाटवे थांबले. म्हातारा पोटभर प्याला, वर आपली बाटलीही भरून घेतली. कॅन अर्धी झाली. भाटव्यांनी शांतपणे अर्धी वांगी काढली आणि म्हाताऱ्याच्या खांद्यावरच्या दुपट्ट्यात टाकली. म्हातारा म्हणाला, “मले वांगे नाई पायजे बाप्पा.” त्यावर भाटवे म्हणाले, “तुमाले पायजे का नाई हे कोन इचारून राह्यलं? माई जोड बिघडली!”

पंख्याला तीन पाती असतात हे त्यांना पंखा विकत घेतल्यावर, दुकानाच्या पायरीवर कळलं. दोन पाती दोन्हीकडे बसली, तिसऱ्याचं काय? दुकानदाराने “मधात बांधा ना” असं सुचवून पाहिलं, पण भाटव्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो आत निघून गेला. शेवटी ते तिसरं पातं त्यांनी ट्यूबच्या पट्ट्याने पाठीच्या बरोबर मध्यावर उभं बांधलं आणि आंजीपर्यंत ताठ बसून गेले. त्या दिवशी मागून येणारी एकही गाडी हॉर्न वाजवायला धजली नाही. बकरी आणायला गेले आणि दोन घेऊन आले, तेव्हा मात्र ताईचा संयम सुटला. माझ्या देखत म्हणाली, “बरं झालं बाप्पा, मी लग्नानंतर जीपमधी आली. सायकलवर आणलं असतं तं याईनं जोडीले दुसरी आणली असती!” भाटवे यावर रागावले नाहीत. विचारात पडले, हे जास्त वाईट.

तर अशा माणसाची एकुलती एक मुलगी, आमची पल्लवी, पुण्याला नोकरीवर निघाली. पोरगी पहिल्यांदाच घर सोडून चाललेली. भाटव्यांनी जाहीर केलं की तिचं सामान वर्ध्याच्या स्टेशनपर्यंत सायकलवर जाईल आणि ते स्वतः नेतील. या कामासाठी त्यांनी शिंप्याकडून ताडपत्रीच्या दोन थैल्या शिवून घेतल्या. दोन्ही एका मापाच्या, वर झाकण, झाकणाला बक्कल. शिंप्याने एका थैलीला एक टाका जास्त घातला म्हणून ती उसवून पुन्हा शिवायला लावली, असं ताई सांगते. मी त्यात थोडं मीठमसाला घालत असेन, पण फार नाही.

जायच्या दिवशी सकाळीच पल्लवीचा मला फोन आला. “मामा, लवकर या. बाबा बोलूनच नाई राह्यले.”

मी पोचलो तर अंगणात धुतलेली सायकल उभी, तिला त्या नव्याकोऱ्या थैल्या लटकलेल्या, रिकाम्या. आणि ओसरीवर पल्लवीने मागवलेली एक लालभडक मोठी बॅग. खाली चार चाकं, वर ओढायचा दांडा. भाटवे तिच्याभोवती फिरत होते. मग त्यांनी एका बोटाने बॅग ढकलली. ती सरळ भिंतीपर्यंत गेली. भाटवे तिच्याकडे बघतच राहिले.

“बॅगेलेच चाकं हायेत,” ते मला म्हणाले. “मंग मायं काय काम?”

इतकी वर्षं मी या माणसावर मनसोक्त हसलो, पण तेव्हा मला हसू आलं नाही. मी म्हटलं, अर्धे कपडे थैल्यांत भरू. पल्लवीचे डोळे भरले. “मामा, पुण्याच्या स्टेशनवर मी या ताडपत्रीच्या थैल्या घेऊन उतरू? अन् कपडे काढले तं बाबा दोन घंटे वजनच करत बसतीन. गाडी सुटन माई.” तिचंही खरं होतं. शेवटी ताईने तोडगा काढला. बॅग ऑटोत आमच्याबरोबर येईल. चिवडा, लोणचं, पापड, डाळ, तिखट असा खाण्यापिण्याचा ऐवज स्टेशनपर्यंत थैल्यांत जाईल आणि गाडीत पल्लवीच्या पिशवीत उतरेल. भाटव्यांनी “बरं” एवढंच म्हटलं. लोणच्याच्या बरणीला जोड म्हणून तिखटाची पुडकी लावली, दोन्ही थैल्या उचलून उचलून पाहिल्या आणि आमच्या दोन तास आधी निघून गेले. निघताना मागे वळूनही पाहिलं नाही.

आम्ही स्टेशनवर उतरलो. पल्लवी पुढे, तिच्यामागे ती लाल बॅग खडखड करत अशी धावत होती, जणू तिलाच पुण्याला जायची घाई. गेटाशी भाटवे उभे होते. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, दोन्ही खांद्यांवर एकेक थैली. त्यांनी आम्हाला अजून पाहिलं नव्हतं. पल्लवी जागच्या जागी थांबली. मग तिने बॅग आडवी केली, दोन्ही हातांनी धरली आणि ओरडली, “बाबा! बॅगेचं चाक अडकलं. सरकूनच नाई राह्यलं. उचलता का?”

भाटव्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पल्लवीच्या बारशालाही पाहिलं नव्हतं. त्यांनी दोन्ही थैल्या माझ्या खांद्यांवर चढवल्या, दोन पावलं मागे जाऊन मी सरळ उभा आहे का ते पाहिलं, आणि बॅग डोक्यावर घेतली. पुलाच्या पायऱ्या चढले, उतरले, फलाटाच्या टोकापर्यंत गेले. एक हमाल मध्ये आला, त्याला “बाजूले हो भाऊ, पोरीचं सामान हाय” म्हणून हटवलं. गाडी आली तेव्हा बॅग त्यांनीच बाकाखाली सरकवली, मी थैल्यांतला ऐवज पल्लवीच्या पिशवीत उतरवला. पल्लवी दारात उभी राहून हात हलवत होती. रडत होती, आणि मधूनच माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवत होती.

गाडी दिसेनाशी झाली. ताई डोळे पुसत बाकावर बसली. भाटवे रुळांकडे बघत मान चोळत उभे होते.

“पाह्यलं का तू?” ते मला म्हणाले. “एवढी मोठी चाकाची बॅग, अन् ऐन टायमाले चाक बसलं.”

“हो ना भाऊजी,” मी म्हटलं. “कच्चा माल असते तो.”

त्यांनी माझ्या खांद्यांवरच्या रिकाम्या थैल्या काढून स्वतःच्या खांद्यांवर घेतल्या. मग खाकरून, माझ्याकडे न बघता म्हणाले, “फोन करशीन तं सांगजो तिले. दिवाळीले येतानी त्या चाकाच्या भरोशावर राहू नको म्हनाव. मी येतो घ्याले.”