होडीतली पुढची फळी

तीन पावसाळे मी त्या होडीत मधल्या फळीवर काढले. मधल्यानं वल्हं मारायचं, आत आलेलं पाणी डब्यानं उपसायचं आणि गप्प राहायचं. पुढच्या फळीवरचा माणूस घळीत वाट दाखवायचा. मला ती फळी हवी होती. आज हसाल, पण तेव्हा अंबरनाथच्या कारखान्यातली बढतीसुद्धा मला तिच्यापुढं किरकोळ वाटायची.

होडी शिरगावच्या एका शेतकऱ्याची. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. पूर जरा ओसरला, की बदलापूरच्या वर जिथं नदी दोन कातळांमधल्या अरुंद घळीत घुसते, तिथून ते रविवारी आम्हाला घेऊन खाली यायचे. निव्वळ हौस! मागं सुकाणूला मामा, मध्ये मी, पुढं त्यांचा धाकटा भाऊ. त्या वर्षी भावाचा खांदा निखळला. आता फळी आपलीच, असं मी धरून चाललो होतो.

आणि मीच माती खाल्ली. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर एक सिंधी कारकून होता. फाळणीनंतर उल्हासनगरच्या कॅम्पात बराकीत राहायला आलेला, सिंधूच्या काठी वाढलेला. त्याला होडी दाखवायला म्हणून मीच मिरवत घेऊन गेलो. मामांनी त्याचं वल्हं दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, "याला फुडं बसव रे. पानी वलखतो हा."

अंगाचा नुसता तिळपापड झाला! तीन वर्षं पाणी उपसलं मी, आणि हा काल आलेला पुढं? बरं, वल्हं तरी कसं मारायचा, तर पाण्याला थोपटल्यासारखं. बघवत नव्हतं मला, आणि नजरही हलत नव्हती.

"त्याला हाताचं समजावून सांग," असं मला बजावून मामा दोर सोडायला गेले. घळीत हाका ऐकू येत नाहीत, आणि मागून मामांना उसळत्या पाण्यापुढचं दिसत नाही. म्हणून सगळं पुढच्याच्या हातावर. आमची रीत अशी, की खडकाकडं हात करायचाच नाही. जिथून जायचं तिकडंच करायचा. हात दिसेल तिकडं मामा होडी घालणार.

त्यानं मला आपणहून विचारलं, "भाई, इधर कुछ अलग है क्या?"

"वेगळं काय असणार? सगळीकडं पाणी सारखंच," मी म्हटलं.

त्याला बुडवायचं नव्हतं मला, देवाशपथ. एकदा चुकावा, मामांच्या शिव्या खाव्यात, एवढंच माझ्या मनात होतं.

घळीच्या तोंडाशीच त्याला डावीकडं काळा खडक दिसला. त्याच्या मुलखात करत असतील तसा, सावध करायला त्यानं खडकाकडं हात केला. मामांनी होडी तिकडंच घातली. काडकन आवाज झाला आणि आम्ही तिघं पाण्यात. मला कॉलर धरून काठाला ओढलं ते त्यानंच. त्याच्या कपाळातून रक्त वाहत होतं.

मामा फुटलेल्या होडीकडं बघत राहिले. मग माझ्याकडं वळले. "सांगितलं व्हतंस का त्याला?"

मी वाहून चाललेलं वल्हं धरायला वाकलो.

"बताया था, मामा," तोच म्हणाला. "मैं ही भूल गया." माझ्याकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

मामांनी त्याला पुन्हा होडीत घेतलं नाही. "हात चांगला, पन ध्यान न्हाय," म्हणाले. होडी दुरुस्त झाल्यावर पुढची फळी मला मिळाली. आणि बसलो की मी! पुढचे चार पावसाळे बसलो, आणि होडी कुठं घासूसुद्धा दिली नाही. तरी प्रत्येक वळणावर वाटायचं, हा असता तर यापेक्षा सफाईनं गेला असता. जळफळाट काही जाईना.

दर सोमवारी तो टेबलावरून वाकून विचारायचा, "कैसा था पानी?" कपाळावर टाक्यांचा वण दिसायचा. मी "ठीक" म्हणून फाईल उघडायचो. एकदा अगदी चाचरत म्हणाला, "कभी ले चलो ना, भाई. बीच में बैठूँगा, पानी निकालूँगा."

"मामांना विचारून सांगतो," मी म्हटलं.

मी मामांना कधीच विचारलं नाही.