चित्र आलं, असं महफूदकाका म्हणाले

महफूद घोरबेल या माणसाला मी अकरा वर्षं ओळखते, असं परवापर्यंत छातीठोकपणे सांगत होते. आता सांगताना जीभ अडखळते.

स्फाक्स शहराच्या जुन्या तटबंदीला लागून आमची रेडिओवाल्यांची गल्ली. माझा चार्जर आणि केबलींचा गाळा, समोर काकांचा, माझ्याहून अर्धा. पूर्वी ते मोठ्या पोटाचे टीव्ही दुरुस्त करायचे. ते टीव्ही गेले, तेव्हा साठी उलटलेल्या काकांनी मोबाइल टीव्हीला जोडायचे अ‍ॅडॅप्टर हातात घेतले. नातवाचं कार्टून, मार्सेलला गेलेल्या मुलाचा व्हिडिओ कॉल, मॅच, सगळं गाव हल्ली मोबाइलवरून टीव्हीवर बघतं. 'सिग्नल नाही' अशी पाटी आली की काकांकडे पळतं. काका अ‍ॅडॅप्टर मुठीत धरायचे. गार असला तर त्याला वीज पोचत नाही, कोमट असला तर जिवंत आहे, चटका बसला तर फेकून दे. मी याला कसब म्हणायचे आणि गल्लीभर सांगत सुटायचे.

गेल्या महिन्यात बाजार कचेरीने यादी लावली. जो स्वतःच्या हाताने काम करत नाही त्याचा गाळा काढून घेणार. तिसरं नाव काकांचं. म्हातारा नुसता बसून असतो, अशी कुणीतरी चुगली केली होती. माझं डोकंच फिरलं. मी कचेरीत जाऊन ऐकवलं की पुरावा आणते, मग बघा. आठवडाभर काकांच्या गाळ्यात उभी राहून त्यांचं काम मोबाइलवर टिपलं.

परवा सकाळी कचेरीचे निरीक्षक लझार आमच्या संघटनेच्या खोलीत आले. दहाबारा गाळेवाले जमले होते. सगळ्यांना नीट दिसावं म्हणून मी अ‍ॅडॅप्टर लावून मोबाइल टीव्हीला जोडला. सिग्नल नाही. केबल बदलली, टीव्हीमागचं दुसरं भोक बघितलं, तरी तेच. केबल विकणाऱ्या बाईची ही गत, असं लझार हळूच म्हणाले. मी ऐकलं. गिळलं, आणि काकांना आणायला गेले.

येताना काका नेहमीसारखंच म्हणाले, "तू पुढे हो, पोरी, आणि बोलत चल. तुझं बोलणं ऐकलं की बरं वाटतं." मी कचेरीला शिव्या घालत पुढे चालले. एवढ्या गल्लीत माझी बडबड आवडणारा हा एकच माणूस, याचा मला अभिमान होता.

काकांनी अ‍ॅडॅप्टर मुठीत धरला. "गार आहे. याला बाजूने चार्जर लागतो, नुसत्या मोबाइलच्या जोरावर हा चालत नाही." चार्जर लावला. थोड्या वेळाने म्हणाले, कोमट झाला, आता टीव्ही बटणावरून बंद करून परत लावा. कुणीतरी लावला. पडद्यावर क्षणभर कंपनीचं नाव उजळलं आणि विझलं. मग मी टिपलेल्या व्हिडिओतला गाळ्याचा आवाज खोलीभर घुमला.

काकांनी हात पुसले. लझारच्या दिशेने वळून म्हणाले, "आलं बघा चित्र. कसं स्वच्छ आहे."

पडदा काळाकुट्ट होता.

त्या काळ्या पडद्यातून काकांचाच आवाज येत राहिला. एका बाईला ते विचारत होते, पडद्यावर काय दिसतंय, सांग. ती म्हणाली, निळं. मग पाववाल्याला, तुला काय दिसतंय? रेघा आडव्या की उभ्या? मग आणखी एकाला तेच. आठवडाभर मी हे समोर उभं राहून ऐकलं होतं, आणि माझं सगळं लक्ष त्यांच्या हातांकडे. चित्र गेलं तेव्हा कुठे मला ऐकू आलं.

मी पुढे बोलत चालायचे, आणि हा माणूस माझ्या आवाजाला धरून चालायचा.

चित्राला कुणी होकार देईना, तसं काकांच्या लक्षात आलं. चेहरा उतरला. लझारनी विचारलं, "केव्हापासून?"

"डावा डोळा तीन वर्षांपूर्वी गेला. उजवाही तेव्हापासून अंधुकच, या हिवाळ्यात पुरता गेला."

मी तोंड उघडलं. कचेरीवर, नियमावर, लझारवर, जे सुचेल ते बोलायला लागले. काका म्हणाले, "तू गप्प बस. माझी भाकरी आहे, मला बोलू दे." अकरा वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा गप्प केलं.

मग त्यांनी विचारलं, टीव्ही लावल्यावर पडदा उजळून विझला का? हो, असं तिघं एकदम म्हणाले. "मग अ‍ॅडॅप्टरचा दोष नाही. काचेमागचे दिवे आत्ता गेलेत. चित्र आतच आहे, अंधारात. साहेब, तुमच्या मोबाइलची टॉर्च काचेला टेकवून तिरपी धरा."

लझार उठले. वाकून, नाक काचेला लागेल इतक्या जवळ गेले. टॉर्चच्या वाटोळ्या उजेडात, राखेत उमटावेत तसे, दोन हात हलताना दिसले. एक बोट तारेचं टोक चाचपत होतं. लझार बराच वेळ तसेच वाकून होते.

परत येऊन त्यांनी फॉर्मवर 'स्वतः काम करतो' यापुढे खूण केली. डोळ्यांसाठी त्यात रकानाच नव्हता. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात काका म्हणाले, "दिसत नाही, हेही लिहा."

मला त्यांचं तोंड दाबावंसं वाटलं. लझार म्हणाले, विचारलेलं नाही तर कशाला लिहू?

"लिहा. तीन वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकापुढे नाटक केलं. दमलोय. गाळा ठेवायचा तर आंधळ्याचा म्हणून ठेवा."

लझारनी पेनाचं टोपण लावलं होतं, ते काढलं आणि समासात एक ओळ लिहिली. खाली सही केली. म्हणाले, गाळा यंदा तुमचाच. पुढच्या वर्षी कचेरीत ही ओळ कोण कशी वाचेल, ते माझ्या हातात नाही.

काका नुसते मान हलवून म्हणाले, या टीव्हीचे दिवे मी बदलून देईन, फक्त स्क्रू कुणीतरी मोजून ठेवा.