भरलेले डबे

आत्याचा पाय मोडला तो बाथरूममध्ये घसरून. पण पुढचे पंधरा दिवस तो बरा होऊ नये, याची चोख व्यवस्था मी केली.

आत्या आमच्याच इमारतीत, विरार पूर्वेला फुलपाड्यात राहते. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, ती पहिल्या. निवृत्त शिक्षिका, एकटी, आणि त्या एकटेपणावर कमालीची खूश. पायाला प्लास्टर बसलं, डॉक्टरांनी सहा आठवडे पाय खाली टेकवायचा नाही म्हणून बजावलं आणि तिचा मुलगा निखिल पुण्याहून धावत आला. त्याचं म्हणणं एकच, आईने पुण्याला यावं. आत्याला पुण्याला जायचं नव्हतं. तिथे अकराव्या मजल्यावर दिवसभर दार बंद, आणि खाली भाजीवाल्याशी भांडायची सोय नाही. तिने माझ्याकडे बघितलं. माझ्यातला पुढारी जागा झाला.

"तू निर्धास्त जा," मी निखिलला सांगितलं. "आम्ही सात घरं मिळून तिला जेवू घालतो. तिला स्वयंपाकघरात पाऊल टाकावं लागणार नाही."

निखिलने पंधरा दिवसांची मुदत दिली. त्यानंतरच्या तपासणीत पाय सुधारलेला दिसला तर आई इथे, नाहीतर गाडीत. मी लगेच 'आत्याचा डबा' नावाचा ग्रुप काढला, वारांप्रमाणे घरं वाटली आणि कौतुक व्हावं म्हणून आत्यालाही त्यात घेतलं. आत्याकडे धुणंभांडी करणाऱ्या लताताई धुतलेले डबे ज्याच्या त्याच्या घरी पोचवायच्या.

पहिल्या आठवड्यात सगळं सुरळीत चाललं. दुसऱ्या आठवड्यात मात्र काही चमत्कारिक गोष्टी माझ्या लक्षात येऊ लागल्या. (लक्षात येणं आणि कळणं यात माझ्या बाबतीत साधारण आठवड्याचं अंतर असतं.) लोक पाळी चुकवण्याऐवजी मागू लागले. आगाशीच्या वाडीतून इथे राहायला आलेल्या नाईककाकू म्हणाल्या, "भाऊ, मला मंगळवार पण द्या ना." बुधवारच्या घराने गुरुवारवर हक्क सांगितला. डबे मोठे होत गेले. एका जिवासाठी चार पुड्यांचे डबे येऊ लागले! माणुसकी अजून जिवंत आहे, असं मी ग्रुपवर लिहिलं, आणि ती माझ्या नियोजनामुळे जिवंत आहे, हे लोकांनी आपणहून समजून घ्यावं अशी अपेक्षा ठेवली.

दुसरं कोडं आत्याचं. ती मला रोज काहीतरी आणायला सांगायची. पाव किलो रवा. मग शेंगदाणे. मग भाजणीचं पीठ. पडून पडून माणसाला डोहाळे लागत असतील, असं समजून मी आणत गेलो.

तिसरं कोडं आमच्याच घरात होतं. माझी बायको मेधा एकाएकी सुगरण झाली. संध्याकाळी चहाबरोबर कधी रव्याचे लाडू, कधी खुसखुशीत कडबोळी. मी तोंडभरून स्तुती केली. ती नुसती हसायची.

पंधराव्या दिवशी तपासणी झाली. सूज कमी व्हायच्या ऐवजी वाढली होती. डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, पेशंट दिवसभर उभी असते का. निखिलने फोनवर एवढंच सांगितलं की रविवारी गाडी घेऊन येतो. आत्याचा चेहरा पाहून मला खरंच वाईट वाटलं.

आता छडा लावायलाच हवा होता. दुसऱ्या दिवशी सुट्टी काढून सकाळी अकरा वाजता, माझ्याकडच्या किल्लीने मी आत्याचं दार उघडलं. आत तळणाचा वास भरला होता. आत्या एका पायावर ओट्याशी उभी होती, प्लास्टरचा पाय स्टुलावर, आणि कढईत कडबोळी. शेजारी रांगेने आठवडाभराचे साठलेले सात डबे, सगळ्यात मोठा आमचा!

"रिकामा डबा परत द्यायचा असतो का रे?" तिने झारा न थांबवता विचारलं. "दिवसभर पडून नुसतं घ्यायचं, ते मला नाही जमणार."

मी वर आलो. मेधाला म्हटलं, "तुला माहीत होतं?"

"तुलाही माहीत असेल असं वाटलं. शिवाय सतरा वर्षांत पहिल्यांदा कौतुक करत होतास, मध्ये कशाला बोलू?"

मग मी पुढाऱ्याला शोभेल अशी चूक केली. ग्रुपवर लिहिलं: 'आत्याची प्रकृती पाहता डबे यापुढे रिकामेच परत येतील. कृपया कोणी अपेक्षा ठेवू नये.' ग्रुपमध्ये आत्यालाही मीच घेतलंय, हे मला तिचा फोन आल्यावर आठवलं. माझी इतकी बेअब्रू कोणी केली नव्हती, म्हणाली. त्यापेक्षा पुणं बरं. आणि तिने बॅग भरायला घेतली.

घर सावरलं ते मेधाने. ती खाली गेली आणि आत्यापुढे मोड आलेल्या वालांचं पातेलं ठेवून म्हणाली, "आत्या, वाल सोलायला मला वेळ होत नाही. बसल्या बसल्या द्याल?"

वाल सोलायला कोणालाच वेळ नसतो. संध्याकाळपर्यंत सातही घरांतून वाल, लसूण आणि निवडायच्या मेथीच्या जुड्या आल्या. आत्या पाय तीन उशांवर ठेवून पलंगावर बसली, डबे सोललेल्या वालांनी भरून परत जाऊ लागले, आणि सगळी इमारत बिरड्याने दरवळली. रविवारी निखिल आला तोवर सूज उतरू लागली होती. आत्याने त्याच्याही हातात मूठभर वाल ठेवले. त्याने तासभर मुकाट्याने सोलले आणि वालांचा डबा घेऊन एकटाच पुण्याला गेला.

आता आत्या ठणठणीत आहे. पाय बरा झाल्याच्या आनंदात परवा तिने आम्हाला पुरणपोळ्यांचा डबा पाठवला. मेधा माहेरी गेली होती. पोळ्या मी एकट्याने संपवल्या, डबा घासला आणि परत देताना आत काय घालायचं, याचा विचार करत ओट्याशी उभा राहिलो. दोन्ही पायांवर. अर्धा तास.

डबा अजून आमच्याकडेच आहे. आत्या काही विचारत नाही. पण जिन्यात ती समोरून आली की हल्ली मीच जरा लंगडतो.