खाडीकडच्या आळीतला चहा

पाच वर्षं मी आमच्या वॉर्डाची नगरसेविका होते. त्याआधी शाळेत शिकवत होते, त्यामुळे पद आलं तरी सगळ्यांची ‘बाई’च राहिले, आणि आपल्याला सगळं कळतं ही खोडही गेली नाही.

खाडीकडच्या आळीतल्या विहिरी खाऱ्या झाल्याची तक्रार आली तेव्हा मी वही घेऊन पाहणीला गेले. टोकाच्या घरी एक काकी एकट्या राहतात, मागे पोफळींची छोटी वाडी. त्यांनी ओटीवर सतरंजी घातली. "आधी च्या घ्या बाई, मंग काय ता बघा." वेलची घातलेला दाट दुधाचा चहा आला. तीन-चार खेपा झाल्या आणि दर खेपेला तसाच चहा. विहिरीत वाकून पाहिलं, पाणी नितळ होतं. चाखलं मात्र नाही.

नळाची लाईन एकाच आळीला मिळणार होती. सभेत मी ठणकावून सांगितलं, "त्या घरचा चहा मी स्वतः प्यायलेय. पाण्याला काही झालेलं नाही." बाईंनीच सांगितल्यावर कोण बोलणार? लाईन बाजाराकडे गेली.

मग आमची मुदत संपली, निवडणूक काही लागेना, प्रशासक आले. मी घरी बसले. गेल्या उन्हाळ्यात सहज वाट वाकडी करून काकींकडे गेले. निम्म्या पोफळी शेंड्यापासून वाळल्या होत्या. काकींनी कोरा चहा पुढे केला. पहिला घोट तोंडातच राहिला. खारट.

"दूध नासता या पान्यात," त्या म्हणाल्या.

"मग तेव्हाचा चहा?"

"त्यो व्हय? त्यो जारच्या पान्याचा. बोर्लीवरनं टेम्पो येतो ना. तवा तुमी मेंबर, तुमाला खारा पानी कसा देनार? आता काय, तुमी घरच्याच."

माझाच मला संताप आला. ओंजळभर पाणी प्यायला काय धाड भरली होती मला? आता ना पद, ना अधिकार. प्रशासकांना अर्ज दिलेत, पोच मिळते, पुढे काही नाही. वाळलेली पोफळ काही पुन्हा हिरवी होत नाही.

काकी जवळ सरकल्या, आवाज खाली आणून म्हणाल्या, "बाई, तुमी एवढ्या खेपा घातल्यात आमच्यासाटी. मंग आमची लाईन अडवली कुनी, कळला का?"

मी मान खाली घालून तो चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. सांगायची हिंमत झाली नाही. अजूनही झालेली नाही.