लेकीच्या दारात बडवलेली परात

पेनसिल्वेनियातील एका डोंगराळ गावाची अख्खी गल्ली एका शनिवारी दुपारी अर्धा तास दारे लावून घरात बसली होती. त्याला सर्वस्वी मी जबाबदार आहे.

हे मी अभिमानाने सांगत नाही. मी पंचावन्न वर्षांचा, शेजारच्या राज्यातल्या पार्सिपनीत राहणारा, आवाज चढवून कधी वेटरलाही न बोलावलेला मनुष्य आहे. पण त्या गल्लीत माझी मुलगी सानिका राहते, आणि तिचे-माझे संभाषण कित्येक वर्षे हवामानाच्या पुढे सरकलेले नव्हते. ("बाबा, इथे स्नो आहे." "अच्छा. आमच्याकडेही आहे." संपले!)

दोष माझाच. सानिका नऊ वर्षांची असताना शाळेचा एक प्रोजेक्ट घेऊन माझ्याकडे आली होती. जुन्या काळी अमेरिकेतील लोक सण आणि लग्ने कशी साजरी करीत, ते चित्रांतून दाखवायचे होते.

"बाबा, हेल्प करतोस?"

लॅपटॉपवरची नजर न काढता मी म्हणालो, "अगं, हा आपला इतिहास नाही. तुझं तू कर. मला कॉल आहे."

तिचे तिने केले. पुढे सगळेच तिचे तिने केले. गेल्या वर्षी लग्नसुद्धा! सरकारी कचेरीत जाऊन, दोन साक्षीदार घेऊन, इथन नावाच्या गोऱ्या आणि अत्यंत सज्जन मुलाशी. आम्हाला फोन दुसऱ्या दिवशी आला. "छोटंसंच होतं, बाबा. तू बोअर झाला असतास."

हे वाक्य ऐकून मी अभ्यासाला लागलो. (आमच्या पिढीला पश्चात्तापही अभ्यासक्रमाशिवाय जमत नाही.) एका मोठ्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर या देशाचे सारे जुने आयुष्य मांडून ठेवले आहे: पिवळे पडलेले फोटो, साबणाच्या जाहिराती, गोधड्यांचे नमुने, शेतकऱ्यांच्या खरखरत्या आवाजातील मुलाखती. रोज संध्याकाळी दोन तास मी ते वाचू-ऐकू लागलो. नऊ वर्षांच्या मुलीचा प्रोजेक्ट मी वीस वर्षे उशिरा करीत होतो. टिपणे काढून, समास सोडून!

"अहो, पोरीला सरळ फोन करा की," माझी पत्नी वृंदा म्हणे. "त्या मेलेल्या म्हाताऱ्यांचं काय ऐकत बसता?"

"फोनवर बोलू काय?"

"'कशी आहेस' म्हणा!"

इतका अवघड प्रश्न मला झेपणारा नव्हता.

अशातच एका आजीबाईंची मुलाखत सापडली. त्यांच्या तरुणपणी खेड्यापाड्यांत 'शिव्हरी' नावाची रीत होती. नवे जोडपे घरी राहायला आले की आप्तांनी आणि शेजाऱ्यांनी लपतछपत त्यांच्या दाराशी जायचे आणि डबे-पातेली बडवून हैदोस घालायचा. नवरी दार उघडून सगळ्यांना आत घेईपर्यंत आणि खाऊपिऊ घालेपर्यंत थांबायचे नाही. गुपचूप लग्न उरकणाऱ्यांची तर हमखास शिव्हरी होई! ती मुलाखत मी सहा वेळा ऐकली. 'नवरी दार उघडते' या वाक्यापाशी मी दर वेळी थोडा वेळ थांबत असे.

आमचे शेजारी वानखेडे नागपूरचे. गणपतीत ढोल वाजवतात आणि उरलेले वर्ष गणपतीची वाट पाहतात. मी त्यांना योजना सांगितली.

"पोरीच्या दारासमोर भांडे बडवायचे?" ते म्हणाले. "अरे बाप्पा! भाऊ, आपण तर आलोच समजा!"

"आधी कळवायचं नाही का तिला?" वृंदाने विचारले.

"कळवलं तर रीत मोडते." (केवढा हा शास्त्रशुद्धपणा!)

रीत खरे तर रात्रीची. पण अंधारात डोंगरात गाडी चालवण्याची मला आणि वानखेड्यांना दोघांनाही धास्ती. म्हणून दुपारी तीनचा मुहूर्त धरला. मी परात आणि लाटणे घेतले, वृंदाने कढई आणि झारा, वानखेड्यांनी इडलीचे पात्र. गाडी वळणावर लावून आम्ही सानिकाच्या गॅरेजशेजारच्या दाट झुडपांमागे दबा धरला. थंडीमुळे मी माझा तपकिरी, केसाळ कॉलरचा कोट घातला होता. मग मी खूण केली आणि आम्ही बडवू लागलो.

समोरच्या घरातील बाईंनी दार उघडले, झुडपांकडे पाहिले आणि धाडकन दार लावून घेतले. पुढच्याच क्षणी त्यांच्या खिडकीतून आवाज आला: ठण, ठण, ठण! मग शेजारच्या घरातून. मग त्याच्या पलीकडून. कोणी गाडीचा हॉर्न धरून ठेवला.

"भाऊ!" वानखेडे ओरडले. "हे तर आपल्याहून जोरात वाजवून रायले!"

मी लाटणे उंचावून ओरडलो, "वृंदा, बघ! परंपरा जिवंत आहे!"

एक गृहस्थ वरच्या मजल्यावरून दोन्ही हात हलवून काहीतरी ओरडत होते. मी नम्रपणे हात जोडले. तेवढ्यात सानिकाच्या माडीतल्या खिडकीतूनही फ्राइंग पॅनचा दणदणाट सुरू झाला.

"जावई वाजवतोय," वृंदा म्हणाली.

"नवरदेवाने वाजवायचं नसतं," मी नाराजीने म्हणालो.

आणि माझ्या खिशातला फोन थरथरला. सानिका! लग्नाची बातमी सोडली, तर तिने आपण होऊन मला फोन करावा, हे मागे कधी घडले होते ते मला आठवेना.

"बाबा, तू बिझी आहेस का?" तिचा आवाज कापत होता.

मी लाटणे खाली केले. "नाही. अजिबात नाही."

"आई उचलत नाहीये, म्हणून तुला केला. बाबा, आय ॲम सो स्केअर्ड! आमच्या घराला लागून बेअर आहे. इथे बेअर आला की सगळे भांडी वाजवतात, म्हणजे तो पळतो. पण हा जातच नाहीये! प्लीज, नुसतं बोलत राहा माझ्याशी."

आजवर तिने माझ्याकडे एवढे कधीच मागितले नव्हते. खरे सांगतो, एक क्षणभर त्या अस्वलाने आणखी थोडे थांबावे असे मला वाटले.

"बाबा, तुझ्याकडे पण तोच आवाज येतोय. तिकडे पण बेअर आहे?"

"सानिका," मी म्हणालो, "बेअर मीच आहे."

मग माडीचा पडदा हलला. झुडपांवर तिला बापाची टोपी दिसली, आईची कढई दिसली आणि अजूनही तन्मयतेने इडलीपात्र बडवणारे वानखेडे काका दिसले. (दार उघडेपर्यंत थांबायचे नाही, हे मीच बजावले होते!)

तोवर पोलीस आले. समोरच्या बाईंनी वर्णन दिले होते: मोठे, तपकिरी, मधूनमधून दोन पायांवर उभे राहणारे. अधिकाऱ्याने माझ्या कोटाकडे पाहिले, परातीकडे पाहिले आणि खुलासा मागितला.

"सर, ही तुमचीच जुनी रीत आहे," मी इंग्रजीत, शक्य तितक्या आदराने सांगितले.

"मी तर कधी ऐकलेली नाही."

"ऑनलाइन आहे," मी म्हणालो.

दार उघडले. अनवाणी सानिका पायरीवर उभी होती. "बाबा... व्हाय?"

मी सगळे सांगून टाकले. तिचा प्रोजेक्ट, माझा कॉल, 'हा आपला इतिहास नाही' हे माझे वाक्य, वीस वर्षांची टोचणी. तिने कपाळाला आठ्या घालून ऐकले.

"कुठला प्रोजेक्ट?"

"चौथीतला! लग्नांची चित्रं—"

"मला आठवत नाही, बाबा." मग हळू आवाजात म्हणाली, "तू कायम कॉलवर असायचास, ते आठवतं."

मग तिने माझ्या हातातली परात काढून घेतली आणि बाजूला सरकली.

आम्ही आत गेलो. बाहेर अधिकाऱ्याने गल्लीला अस्वल नसल्याचे सांगितले, तशा मागोमाग समोरच्या बाई आल्या, हात हलवणारे गृहस्थ आले, हॉर्नवालेही आले. सानिकाने फ्रीजरमधले तीन पिझ्झे ओव्हनमध्ये टाकले आणि माझ्याच परातीतून सगळ्यांना वाढले. इथनने त्याच्या आजीला फोन लावला, तर तिने लहानपणी खरीखुरी शिव्हरी पाहिलेली निघाली! मी टिपणासाठी खिशातली वही काढली. वृंदाच्या नजरेने ती परत आत गेली.

निघताना सानिका दारापर्यंत आली. "बाबा, नेक्स्ट टाइम नुसता ये. रिसर्च नको. बेल आहे दाराला."

मी वळून पाहिले. खरोखरच होती; उजव्या हाताला, चांगली ठसठशीत. या देशात लोकांच्या दारापुढे काय काय करण्याची रीत होती, याची दोन महिने खपून मी शंभर पाने टिपणे काढली होती; बेल दाबण्याची रीत तेवढी लिहायची राहिली होती.